जांभळ्या जंतूंची राखण

बाबांचा उभा जन्म जंतू मारण्यात गेला. एका मोठ्या रुग्णालयात शस्त्रक्रियेची हत्यारं वाफेवर निर्जंतुक करायचं त्यांचं काम. निवृत्त होऊन लेकीकडे राहायला आले, ते घरातल्या जंतूंच्या हात धुऊन मागे लागले. जावई दाराची कडी पुसूनच आत यायचा, इतकी दहशत.

लेक मात्र जंतू वाढवायची. तिच्या प्रयोगशाळेत डोंगरातल्या एका ओढ्यावरचे बेडूक होते. त्या ओढ्यात बुरशीचा रोग शिरला होता. बेडूक कातडीतूनच पाणी पितो. बुरशीनं कातडी जाड झाली की अंगातलं पाणी नि क्षार बिघडतात, शेवटी काळीज थांबतं. पण काही बेडूक तगले होते, आणि त्यांच्या कातडीवर तिला एक जांभळा जिवाणू सापडला होता. त्याच्यापुढे बुरशीची डाळ शिजत नव्हती. तोच वाढवून, पाण्यात कालवून बाकीच्या बेडकांना आंघोळ घालायची, असा तिचा बेत होता.

पण खोली जुनी, भिंतींना ओल. काचेच्या बशांत दर खेपेला जांभळ्याबरोबर भलतंच काहीतरी उगवायचं. त्यात मदतनीस बाळंतपणाच्या रजेवर. एका सकाळी चहा पितानाच ती रडकुंडीला आली.

"बाबा, याल का माझ्याबरोबर? मला एकच जंतू जगवायचाय, बाकीचे सगळे मारायचेत."

बाबांनी कप खाली ठेवला. "एक सोडायचा? अवघड जाईल गं, चिमे."

तरी गेले. आल्या आल्या त्यांनी बेडकांच्या पेट्याच जंतुनाशक औषधाच्या पाण्यानं धुवायला घेतल्या. ती धावली. "अहो, बेडूक कातडीतून पितील ते!"

बाबा ओशाळले. मग वाटणी ठरली: बशा नि चिमटे बाबांचे, बेडूक तिचे. बाबांनी खिडकीच्या फटी बुजवल्या, पंखा बंद करवला, आणि बशी उघडी असताना कुणी बोलायचं नाही असा दंडक घातला. हळूहळू बशांत निव्वळ जांभळं उगवू लागलं. तिचा जीव भांड्यात पडला.

"छान रंग आहे," बाबा म्हणाले, आणि स्वतःवरच हसले.

बेडकांच्या आंघोळी झाल्या. एका लठ्ठ बेडकाला बाबांनी 'ढेऱ्या' नाव ठेवलं. तो पाण्यातून निघायलाच तयार नसे. ओळखीसाठी मांडीच्या कातडीखाली रंगाची खूण करून सगळ्यांना ओढ्यात सोडलं, तेव्हा बाबा परतीच्या वाटेवर सारखे मागे वळून बघत होते.

पुढल्या वर्षी दोघं ओढ्यावर गेली. बराच वेळ एकही बेडूक दिसेना. लेकीचा चेहरा उतरत चालला. मग एका दगडामागून 'टर्र' आवाज आला. तिनं ओल्या हातमोज्यानं बेडूक अलगद उचलला. मांडीवर खूण होती, कातडी मऊ, तुकतुकीत. पुढे आणखी सापडले. सगळे नाही, पण पुष्कळ. ढेऱ्या काही भेटला नाही.

"असेल कुठेतरी पाण्यात पडून," बाबा म्हणाले. "आळशीच तो."

एका डबक्याच्या काठाशी काळ्या ठिपक्यांची अंडी होती, काचेच्या मण्यांसारखी चिकटलेली. बाबा पँट दुमडून चिखलात उकिडवे बसले आणि लेकीनं हाक मारली तरी उठेनात.

"जरा थांब गं," ते म्हणाले. "एक हललं बघ आत्ता."