वळकटीचं वजन

तिने पेटीची भोकं पुन्हा एकदा मोजली. दोन्ही बाजूंना आठ-आठ, झाकणात एकही नाही. आत जाड सुती पिशवी एक, तोंडाशी दुहेरी गाठ. पिशवीत साप एक. पिशवीचा एक कोपरा हळूच फुगला आणि पुन्हा बसला.

"श्वास चालू आहे," ती स्वतःशीच पुटपुटली.

"कागदही चोख आहेत," टेबलापलीकडून डॉक्टर म्हणाले. विमानतळामागच्या या तपासणीच्या खोलीत येणारा प्रत्येक प्राणी त्यांच्या हाताखालून जात असे. "तिकडचा निर्यात परवाना, आपला आयात परवाना, आरोग्याचा दाखला. कातडीखालची चिपसुद्धा जुळली. राहिले तुमचे हमीदार."

ती परदेशातून कायमची परत आली होती, पण अजून स्वतःचं घर नव्हतं, आणि नव्या नोकरीत महिन्यातले निम्मे दिवस फिरती होती. अशा वेळी कायद्याला पक्क्या पत्त्याचा माणूस हमीदार म्हणून लागे. त्याची नुसती सही चालत नसे. त्याने डॉक्टरांसमोर साप स्वतःच्या हातांनी पिशवीतून काढून वजनकाट्यावर ठेवायचा. मालकाने पिवळ्या पट्टीमागे उभं राहायचं, मदत करायची नाही, सूचनाही द्यायच्या नाहीत.

"आणि नाही जमलं तर?"

"संध्याकाळच्या विमानाने परत. तिकडे उतरवून घ्यायला कुणी आहे?"

तिने नकारार्थी मान हलवली. डॉक्टरांनी चष्मा पुसायला घेतला.

हमीदार तिचे बाबा होते. आयुष्यभर वायरमनची नोकरी केलेला माणूस. विजेला कधी घाबरला नाही. पण एकदा त्यांनी मीटरची पेटी उघडली आणि आतलं वेटोळं सुटून त्यांच्या पायांवरून निघून गेलं. चावलं नाही. तेव्हापासून ते झाकण असलेली कुठलीही वस्तू तीनदा ठोकल्याशिवाय उघडत नसत. जेवणाचा डबासुद्धा. "ठोका, ठोका," आई म्हणायची, "आतून कुणी 'या' म्हणतंय का बघा!"

सापाचा फोटो पहिल्यांदा पाहिला तेव्हा बाबा म्हणाले होते, "ही वळकटी या दारातून आत आली की मी त्याच दारातून बाहेर." नाव तेवढं चिकटलं. हमीपत्रावर मात्र त्यांची सही आली. आईने कशीबशी घेतली असणार, असं तिला वाटलं. नंतर आईच फोनवर भलत्या चौकशा करू लागली. किती जाड गं? मनगटाएवढी? धरायची कुठे? वजन किती? तिने सगळं नीट सांगितलं होतं. आईच्या चौकशांना अंत नसतो, हे तिला ठाऊक होतं.

दार उघडलं. बाबा आत आले. सदऱ्याच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, गळ्याची गुंडीही लावलेली.

"बारीक झालीस," ते पेटीकडे बघत म्हणाले.

"मी की ती?"

"आई गाडीत बसलीय. म्हणाली, नातवंडाला घेऊनच बाहेर या, नाहीतर तिथेच राहा."

ती पट्टीमागे गेली. डॉक्टरांनी पेटीचं झाकण लावलं.

"काका, आधी कधी साप हाताळलाय?"

"साप नाही."

डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं. तिने जमिनीकडे.

बाबांनी झाकण तीनदा ठोकलं. तिने डोळे मिटून घेतले. आता हात मागे येणार, मग खोकला, मग 'माफ करा हं डॉक्टर'. पण कडी वाजली. तिने डोळे उघडले तेव्हा पिशवीची गाठ सुटली होती. बाबांनी घाईने आत हात घातला नाही. थोडं थांबून हाताची पाठ सापाच्या अंगाला, मधोमध, डोक्यापासून लांब, नुसती टेकवली. मग एक तळवा पुढून खाली सरकवला, दुसरा मागून.

"चल बाळा. सावकाश. घाई नाही कुणाला."

वळकटी वर आली. तिचं डोकं बाबांच्या मनगटापाशी येऊन थांबलं, जीभ आतबाहेर झाली. बाबांच्या कानशिलावरून घाम उतरत होता. हात मात्र हलत नव्हते.

"हे तुम्हाला कुणी शिकवलं?" डॉक्टरांनी विचारलं.

"बागेतली नळी." बाबांचा आवाज बारीक झाला होता. "ओली वाळू भरली, दोन्ही टोकं तारेने बांधली. ही पोरगी आईला फोनवर सांगायची, मी शेजारी बसून ऐकायचो."

"बाबा, कधीपासून?" तिच्या तोंडून गेलंच.

"सही केली तेव्हापासून. रोज सकाळी. तुझी आई नळी पिशवीत भरून द्यायची आणि मी हात घातला की पिशवी हलवायची. मुद्दाम. शेजारच्यांनी तिला बाजूला घेऊन विचारलं, यांची तब्येत बरी आहे ना?"

डॉक्टर हसू दाबून काट्यापाशी गेले. बाबा एकेक पाऊल टाकत त्यांच्यामागे निघाले. अर्ध्या वाटेत थबकले.

"गार नाहीये ही," ते म्हणाले. "कोमट आहे."

"उतरल्यावर पाण्याची गरम बाटली ठेवली होती ना पेटीत," ती पट्टीमागून म्हणाली. डॉक्टरांनी तिला दटावलं नाही. त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

"वाळू किती भरली होती, काका?"

"नळीसकट एक किलो चारशे. किराणावाल्याकडे तोलून घेतली."

त्यांनी दोन्ही हात काट्याच्या परातीत उतरवले. वळकटी सरकत खाली गेली. शेवटचा वेढा मात्र त्यांच्या अंगठ्याभोवती तसाच राहिला. त्यांनी ओढून घेतला नाही. उभे राहिले. वेढा आपणहून सुटला, तेव्हा त्यांनी हात बाजूला घेतले.

काट्यावरचे आकडे थोडे नाचले आणि स्थिर झाले.

एक किलो तीनशे ब्याण्णव ग्रॅम.