एकाच वक्रावर मायलेकी

आई आणि लेक एकाच वर्गात कॅल्क्युलस शिकायला बसल्या, तेव्हापासून गणिताच्या बाईंच्या मनात पाल चुकचुकत होती. आज दोघींच्या कागदांवर हुबेहूब तोच पॅराबोला निघाला.

"लेकीचं बघून काढलंत ना?" बाईंनी आईला विचारलं.

"वक्र तोच आहे, पण समीकरणं बघा की!"

लेकीने x = t, y = t² लिहिलं होतं; आईने x = −t, y = t².

एक चिन्ह बदलायला काय लागतं? बाईंचा संशय फिटेना. त्यांनी खडूने फरशीवर मोठा, वाटीच्या आकाराचा पॅराबोला काढला.

"t म्हणजे वेळ. मी मोजते, तुम्ही आपापल्या समीकरणाप्रमाणे चाला. उणे दोन!"

लेक डाव्या टोकाला उभी राहिली. आई न अडखळता उजव्या टोकाला गेली.

"उणे एक!" दोघी खाली सरकल्या. "शून्य!" तळाशी दोघींची टक्कर झाली आणि वर्ग खो खो हसला.

"चुकलंच माझं," बाई ओशाळून म्हणाल्या.

लेक मात्र आईकडे रोखून बघत होती. "तुला येतं, मग घरी रोज मला का समजावायला लावतेस?"

"तुला तरी कळलंय का, ते बघायला!"