राखीव माणसाची टोपी

नील गोर्स्कीचा एक नियम होता आणि संघात येणाऱ्या प्रत्येक नव्या पोराला तो फुकटात ऐकवायचा. "राखीव माणसानं इतकं चांगलं असावं, की कोचला शांत झोप लागावी. पण इतकंही चांगलं असू नये, की पहिल्याची झोप उडावी." या नियमाच्या जोरावर त्याने या धंद्यात अकरा वर्षं काढली होती, आणि त्यातली शेवटची सहा तर स्वतःच्या गावात, टोलेडोच्या संघात.

आमच्याकडचं फुटबॉल नावापुरतंच पायाचं. खरा खेळ हातांचा, आणि त्यातही क्वार्टरबॅकच्या हाताचा. प्रत्येक डावात चेंडू आधी त्याच्याकडे येतो, मग तो पुढे फेकायचा, की धावणाऱ्याच्या पोटात कोंबायचा, हे तो ठरवतो. मैदानात असा एकच असतो. दुसरा कडेला उभा असतो, डोक्यावर टोपी, कानात यंत्र, हातात संघाच्या डावांचा टॅबलेट. पहिला मोडला तर आत जायचं, नाहीतर उभं राहायचं. नील तो दुसरा. पहिला होता ग्रँट हॅलोरन, आणि सहा वर्षांत हॅलोरनला सामन्याच्या दिवशी साधी सर्दीसुद्धा झाली नव्हती.

म्हणून नील रिकामा बसायचा असं नाही. पुढच्या प्रतिस्पर्ध्याचे जुने सामने तो डोळे दुखेपर्यंत बघायचा. कोणता बचावपटू अंगावर धावून येण्याआधी पाय मागे टाकतो, कोण उगाच ओठ चाटतो, सगळं टिपून हॅलोरनच्या कानात घालायचा. रविवारी हॅलोरन नेमका तिथून चेंडू काढायचा आणि सोमवारी कॅमेऱ्यासमोर सांगायचा, "मला आधीच दिसलं होतं." नीलला त्याचं वाईट वाटत नसे. निदान तो तसं म्हणायचा. हॅलोरनच्या लग्नात त्याच्या शेजारी अंगठी सांभाळत उभा होता तोही नीलच.

वाईट वाटायचं ते त्याच्या बापाला. म्हातारा कॅझ गोर्स्की काचेच्या कारखान्यात भट्टीपुढे हयात घालवून बसलेला, जिभेला हाड नसलेला माणूस. मैदानात त्याची वर्षानुवर्षांची ठरलेली जागा होती. शेजारी बसणाऱ्याने विचारलं, तुमचा मुलगा कुठे खेळतो, तर तो म्हणायचा, "खेळत नाही हो. टोपी सांभाळतो."

नील हसण्यावारी न्यायचा. पण पस्तिशी उलटली होती, आणि या वयात एकदा टोपी गेली की परत कुणाचा फोन येत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्यात या वर्षी कोचने टकर लिंड नावाचं तेवीस वर्षांचं पोर आणलं. दंडात बैलाची ताकद, पण हातातून सुटलेला चेंडू कुठे पडेल ते त्याचं त्यालाही माहीत नसायचं. राखीव जागा एक आणि उमेदवार दोन. हंगामाआधीचे सराव सामने झाले की मंगळवारी एकाला नारळ मिळणार होता.

नीलने टकरलाही नियम सांगितला. पोर नेब्रास्काच्या शेतातलं, भाबडं. त्याने विचारलं, "म्हणजे मुद्दाम वाईट खेळायचं?"

"वाईट नाही रे बाबा. मचूळ. आखूड फेकायचं, चेंडू सांभाळायचा, आणि लोकांना आपलं नाव आठवायच्या आत बाहेर यायचं."

"आणि कधी लांब फेकावासा वाटला तर?"

"वाटणं बंद होतं हळूहळू," नील म्हणाला.

शेवटचा सराव सामना शनिवारी दुपारी घरच्या मैदानावर होता. या सामन्यांची पुढे कुणी गणती करत नाही. मोठे खेळाडू अंगाला माती लावून घेत नाहीत, म्हणून त्या दिवशी टोपी हॅलोरनच्या डोक्यावर होती. गेल्या हंगामात त्याने बरेच चेंडू सरळ प्रतिस्पर्ध्याच्या हातात टाकले होते आणि लोक त्याच्यावर खार खाऊन होते. ओळख करून देताना त्याचं नाव पुकारलं तेव्हा वरच्या रांगांतून शिट्ट्या आल्या. त्या शिट्ट्या कौतुकाच्या नव्हत्या. हॅलोरनने टोपी डोळ्यांवर ओढली.

पूर्वार्धात टकर खेळला, म्हणजे खेळला असं म्हणायचं. दोन चेंडू शत्रूला दान केले आणि एक थेट बाकावर बसलेल्या डॉक्टरला. उत्तरार्धात नील आत गेला आणि आपल्या नियमाप्रमाणे आखूड, सुरक्षित, मचूळ खेळत राहिला. शेवटचं दीड मिनिट उरलं तेव्हा संघ चार गुणांनी मागे होता आणि कोच बर्डेटने कानातल्या यंत्रातून सांगितलं, "धावणाऱ्याला दे आणि घरी जाऊ या."

तेवढ्यात तो आवाज आला. साठ हजार माणसांची जागा निम्मीशिम्मी भरली होती, म्हणून नीट ऐकू आला. "गोर्स्की! अरे फेक की एकदा! मरायच्या आधी बघू दे मला!" कॅझ उभा राहून, हातांचा कर्णा करून ओरडत होता. आजूबाजूचे हसले. मग कुणीतरी ठेका धरला, गोर्स्-की, गोर्स्-की. सराव सामन्याला आलेल्या कंटाळलेल्या लोकांना तेवढंच हवं होतं. ठेका रांगेरांगेने खाली उतरला आणि मैदानात आला.

अकरा वर्षांत नीलने स्वतःचं नाव एवढ्या मोठ्या आवाजात कधी ऐकलं नव्हतं. समोरच्या बचावाकडे बघितलं तर उजवा कोपरा रिकामा, अगदी आंदण दिल्यासारखा. क्वार्टरबॅकला आयत्या वेळी डाव बदलायची मुभा असते. सहा वर्षांत त्याने ती वापरली नव्हती. त्या दिवशी वापरली. चेंडू त्याच्या हातातून सुटला तेव्हाच त्याला कळलं, की असा आपण कॉलेजनंतर फेकलेला नाही. शेवटच्या रेषेपलीकडे एक नवखं पोर धावता धावता वर बघत होतं, आणि चेंडू त्याच्या ओंजळीत अलगद उतरला. सहा गुण, संघ पुढे.

मैदान डोक्यावर घेतलं लोकांनी. नीलने हेल्मेट काढून बापाच्या रांगेकडे बोट दाखवलं. म्हातारा रडत होता. कडेला हॅलोरन हाताची घडी घालून उभा होता. त्यानेही टाळ्या वाजवल्या, पण सगळ्यांच्या नंतर.

संध्याकाळी कॅझने नेहमीच्या बारमध्ये ओळखीच्या-अनोळखी सगळ्यांना तळलेले मासे खिलवले. "माझा मुलगा," तो प्रत्येकाला सांगत होता. टोपीचं नाव नाही. "तुझी आई असायला हवी होती रे आज," असं तो तीनदा म्हणाला. नीलही पोटभर हसला. फक्त एक गोष्ट त्याला टोचत होती. सामना संपला की हॅलोरनचा काहीतरी चावट मेसेज यायचाच. त्या दिवशी आला नाही.

मंगळवारी सकाळी खेळाडूंच्या खोलीत कुणी कुणाकडे बघत नव्हतं. त्या दिवशी लोनी नावाचा एक मवाळ माणूस फिरतो. तो खांद्यावर हात ठेवतो आणि एकच वाक्य बोलतो. पोरं त्याला आपसात यमदूत म्हणतात. लोनी दारात दिसला तसं टकरचं तोंड पांढरं पडलं. नीलला त्याची दया आली. पोराला बाहेर नेऊन कॉफी पाजावी, दोन शब्द सांगावेत, असं तो मनात ठरवत होता. लोनी टकरपाशी आला, आणि पुढे गेला.

"नील, कोच बोलावतायत. टॅबलेट बरोबर घे."

नील हसला. "लोनी, चेष्टा पुरे हं."

लोनीने खांद्यावरचा हात काढला नाही.

कोच बर्डेट खिडकीकडे तोंड करून उभा होता. "बस," तो म्हणाला, आणि स्वतः बसला नाही. "शनिवारी तू आयुष्यातला सर्वांत भारी खेळलास."

"मग हे काय आहे, कोच?"

"हेच आहे. ऑक्टोबरात ग्रँट एखादा चेंडू घालवेल. घालवणारच. तेव्हा वरचे लोक काय ओरडतील? टकरचं नाव ओरडतील? त्या पोराला कुणी भाजी आणायलासुद्धा पाठवणार नाही. तुझं ओरडतील. आता त्यांना ते पाठ झालंय. आणि असलं कानावर पडलं की ग्रँटचं काय होतं, तुला माहीत आहे."

"हे ग्रँट बोलला?"

कोच खिडकीबाहेर बघत राहिला. "सगळा संघ त्याच्या मानेवर उभा आहे. त्याला विचारल्याशिवाय कसं करणार मी?"

तेव्हा नीलने एक वाक्य उच्चारलं. ते नंतर आठवलं की त्याला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटायची. तो म्हणाला, "मी परत असं नाही करणार, कोच."

बर्डेटने त्याच्याकडे बघितलं, आणि पहिल्यांदाच त्याला थोडी लाज वाटल्यासारखी दिसली. "तू करशील की नाही याचा प्रश्नच नाही," तो म्हणाला. "टॅबलेट टेबलावर ठेव."

सहा वर्षांचा संसार कचऱ्याच्या एका काळ्या पिशवीत बसला. बूट, दोन टॉवेल, बापाचा एक फोटो. बाकीचे सगळे कुठेतरी कामं काढून निघून गेले होते, तसा रिवाजच आहे. हॅलोरन मात्र आला. डोळे ओले करून आला आणि त्याने नीलला घट्ट मिठी मारली.

"मी भांडलो रे तुझ्यासाठी. शपथेवर सांगतो. पण हे लोक ऐकतात का?"

नीलला सगळं माहीत होतं. मिठीतून सुटून त्याने म्हणायला हवं होतं, की बास कर ही नाटकं. पण त्याच्या तोंडून आलं, "माहितेय मला. तू नको मनाला लावून घेऊस." सहा वर्षं या माणसाची समजूत काढण्याचं काम केलं होतं, जीभ आपोआप वळली.

हॅलोरनने नाक पुसलं. मग आवाज थोडा खाली आणून विचारलं, "पहिल्या सामन्याचं काही बघितलं होतंस का तू? त्यांच्या बचावाचं?"

आणि नीलने सांगितलं. पिशवी पायाशी ठेवून, बाकावर बसून, डावी फळी कशी सरकते, कोपऱ्यावरचा म्हातारा बचावपटू कुठे दमतो, सगळं सांगितलं. फक्त एक गोष्ट ठेवून घेतली. त्यांच्याकडे मधल्या फळीत एक राक्षस होता. कमरेचा टॉवेल त्याने ओढून नीट खोचला, की पुढच्या क्षणी तो हॅलोरनच्या पाठीच्या बाजूने, न दिसता येणार. गेल्या वर्षी त्याने असंच एकाचं गळ्याजवळचं हाड मोडलं होतं. हे नील बोलला नाही. एवढं तरी आपलं राहू दे, असं त्याला वाटलं, आणि ते वाटून बरं वाटलं.

गाडीत बसतो तोच बापाचा फोन. "पेपरात फोटो आलाय तुझा! बोट दाखवतानाचा. सगळ्या गल्लीला पेपर वाटले. काय रे, आता तरी तुला पहिला करतील ना?"

"बोलणी चाललीयत, बाबा," नील म्हणाला आणि फोन ठेवला.

चावी फिरवली, पण गाडी हलेना, म्हणजे त्याच्यानेच हलवेना. तो टॉवेल डोळ्यांपुढून जाईना. हॅलोरन खोटारडा होता, भित्रा होता, आणि तरी त्याच्या मुलीच्या बारशाला नीलने तिला मांडीवर घेतलं होतं. शिव्या घालतच तो खाली उतरला. शिव्या हॅलोरनला नव्हत्या, स्वतःला होत्या. दाराशी जाऊन त्याने कार्ड लावलं. लाल दिवा लागला. पुन्हा लावलं. पुन्हा लाल.

पहारेकरी ओळखीचा होता, म्हणून त्याने मान खाली घातली. "सकाळीच बंद झालं ते, नील."

"ग्रँटला बोलाव. एक मिनिटाचं काम आहे म्हणावं, त्याच्याच फायद्याचं."

पहारेकऱ्याने आत फोन लावला, ऐकलं, ठेवला. थोड्या वेळाने दार उघडलं आणि टकर बाहेर आला. डोक्यावर नवी कोरी टोपी, किमतीचं लेबलसुद्धा काढलेलं नव्हतं.

"ग्रँट म्हणाला, काय असेल ते मला सांगून ठेव. आता ते माझं काम आहे म्हणे." पोराचे डोळे लाल होते. "मला वाटलं होतं मीच जाणार. गाडीत सामान भरून ठेवलं होतं, नील."

नीलने त्याला टॉवेलचं सांगितलं. दोनदा सांगितलं, त्याच्याकडून म्हणून घेतलं, कोणता खांदा आधी हलतो ते स्वतः वाकून दाखवलं. टकर मान डोलावत राहिला. निघता निघता थबकला.

"शनिवारचा तो चेंडू तू कसा फेकलास? हात कुठून सोडलास? मला शिकवशील?"

नीलने हात पुढे करून त्याच्या टोपीचं लेबल तोडलं आणि टोपी त्याच्या डोळ्यांवर नीट ओढली.

"नको शिकूस," तो म्हणाला.