झेंड्याची झालर

सरकार आपली अट मान्य करील, हे ऑर्व्हल हेगस्टाडच्या हिशेबातच नव्हतं. अट घातली होती ती पहिल्या दिवशी, रुबाब म्हणून. सरकार नाही म्हणणार, मग आपण छाती पुढे काढून बसणार, एवढाच बेत होता.

आता बसून बसून दुसरा आठवडा लागला होता. आयडाहोच्या डोंगरातल्या त्याच्या लाकडी घरात तो आणि त्याचा पुतण्या लाइल असे दोघेच होते, आणि बाहेर झाडाझाडामागे एफबीआयची माणसं. आत दोन रायफली, राजम्याचे डबे आणि ऑर्व्हलची ठणकणारी दाढ. भांडण कशावरून, तर ऑर्व्हलने ट्रकला सरकारी नंबरप्लेटऐवजी स्वतः रंगवलेली पाटी लावली. वर लिहिलं, ‘स्वतंत्र माणूस’. कोर्टाने बोलावलं, तो गेला नाही. पोलीस वॉरंट घेऊन आले, तेव्हा लाइलने खिडकीतून दोन गोळ्या झाडल्या. कुणाला लागल्या नाहीत, पण नंबरप्लेटचं प्रकरण तिथेच मागे पडलं.

कोर्टात न जाण्याचं कारणही ऑर्व्हलच्याच डोक्यातलं. धंदा त्याचा यांत्रिक करवती दुरुस्त करण्याचा. पण करवतींबद्दल बोलायला लागला की लोक घड्याळाकडे बघत. पशुखाद्याच्या दुकानामागच्या खोलीत तो दर गुरुवारी ‘खरा कायदा’ शिकवू लागला, तेव्हा मात्र तेच लोक त्याच्या बशीत हकलबेरी या रानफळाच्या गोड ‘पाय’ची दुसरी फोड वाढू लागले. त्यातला हुकमी विषय झालर. कोर्टातल्या झेंड्याला सोनेरी झालर असते ना, ती म्हणजे जहाजावरचा कायदा. जमिनीवरच्या स्वतंत्र माणसाला तो लागूच नाही! हे त्याने कुठे वाचलं होतं, ते त्यालाही आठवत नव्हतं. बहुधा कुठेच नसेल. पण टाळ्या पडल्या, आणि टाळी पडलेलं वाक्य ऑर्व्हल कधी वाया घालवत नसे.

अट तीच होती. बिनझालरीच्या झेंड्याखालीच बाहेर येऊ, नाहीतर नाही.

गेल्या वर्षी खिंडीपलीकडे असाच वेढा पडला होता. तिथून तीन शवपेट्या निघाल्या, एक सरकारी माणसाची आणि दोन घरातल्या भावांच्या. त्या भावांच्या दफनाच्या वेळी ऑर्व्हलने भाषण ठोकलं होतं. मेलो तरी बेहत्तर, वाकणार नाही, असं बरंच काही. भाषण झकास झालं होतं. आज खिडकीशी पालथ्या पडलेल्या लाइलची कोवळी, उन्हाने भाजलेली मान त्याला दिसत होती आणि त्या भाषणाचा एकेक शब्द त्याला परत घ्यावासा वाटत होता. आपलं काय व्हायचं ते होवो, हे पोर जिवंत बाहेर पडू दे, एवढंच त्याला हवं होतं. आणि पोर काका सोडून सगळ्यांवर अविश्वास दाखवायला शिकलं होतं. शिकवलं कुणी, हे विचारायची सोय नव्हती.

तेवढ्यात भोंगा खरखरला. “हेगस्टाड साहेब, मर्सर बोलतोय.” हा एफबीआयचा वाटाघाटीवाला. “तुमची अट मान्य. झालर काढून झेंडा फाटकाला लावलाय. बघून घ्या.”

मागोमाग ऑर्व्हलच्या बायकोचा, मेविसचा आवाज आला. “मी कापली रे झालर! या एवढ्या बंदूकवाल्यांत एकाकडे धड कात्री नव्हती. आता मुकाट्याने बाहेर ये. मी आत आले ना, तर एफबीआय परवडली म्हणशील!”

ऑर्व्हलला तिच्या पाया पडावंसं वाटलं. “चल लाइल,” तो उठत म्हणाला, “झुकलं सरकार.”

“थांब काका.” लाइलच्या डोळ्यांना दुर्बीण होती. “खालच्या कोपऱ्यात दोन धागे राहिलेत. सोनेरी.”

“दोन धाग्यांनी काय होतंय?”

“तूच सांगितलंस ना? एक धागा असला तरी जहाजच.”

सांगितलं होतं खरं. मागच्या बाकावरच्या एका बाईने झालर फाटकी असली तर काय, असं विचारलं होतं. गप्प बसणं जमलं नाही, म्हणून दिलं होतं ठोकून.

“मग मी जाऊन कापून येतो,” ऑर्व्हल म्हणाला.

“जा. काही दगाफटका दिसला तर मी गोळी घालीन.”

“कुणाला?”

“बघू,” लाइल म्हणाला.

ऑर्व्हलने मोरीतली नाकातले केस कापायची कात्री घेतली आणि दारातून ओरडला, “येतोय मी! हातात कात्री आहे! छोटी! नाकाची!”

झाडांमागे खटाखट खटके चढवल्याचे आवाज झाले. सपाता घालून, पोट सांभाळत, दोन्ही हात वर करून स्वतंत्र माणूस अंगणातून निघाला. समोर पंधरा-वीस नळ्या आणि पाठीमागे एक. त्या पाठीमागच्या एकीचीच त्याला जास्त धास्ती होती, कारण तिच्यात त्याचीच शिकवण भरलेली होती.

फाटकापाशी पोचून पाहतो तर धागे नव्हतेच. टॅमरॅक या सुईसारख्या पानांच्या झाडाच्या दोन पिवळ्या पडलेल्या सुया दवाने कापडाला चिकटल्या होत्या. फुंकर मारली असती तरी उडाल्या असत्या. पण ‘अरे, या झाडाच्या सुया आहेत’ असं सांगितलं असतं, तर लाइलने ते ऐकलं नसतं. ऑर्व्हलने गंभीर चेहऱ्याने कात्री उघडली आणि एकेक सुई कापली. तुकडे दुर्बिणीला दिसतील असे उंच धरले आणि खाली टाकून सपातेने चिरडले.

“हे काय चाललंय?” झाडामागून मर्सरने हळूच विचारलं.

“कायदा,” ऑर्व्हल म्हणाला.

दार उघडलं. लाइल उंबऱ्यावर रायफल धरून उभा राहिला, आणि इकडे सगळ्या नळ्या त्याच्याकडे वळल्या. “गोळी झाडू नका!” ऑर्व्हल किंचाळला. लाइल वाकला, त्याने रायफल पायरीवर ठेवली आणि हात वर करून चालत आला. ऑर्व्हल फाटकाला धरून मोठ्याने रडला. पोर वाचलं होतं.

गाडीत दोघांना बेड्या घालून समोरासमोर बसवलं. लाइलचा चेहरा नवरदेवासारखा खुलला होता.

“काका, जिंकलो आपण! झालरीत काही नसतं, तर सरकारने कापलीच नसती. म्हणजे तुझं सगळं खरं होतं. सगळं!”

ऑर्व्हल बेड्यांसकट पुढे झुकला. “लाइल, ऐक. धागे नव्हते रे. झाडाच्या सुया होत्या. जहाज नाही, कायदा नाही, काही नाही. टाळ्या मिळायच्या म्हणून बोलायचो मी.”

लाइलने ड्रायव्हरच्या पाठीकडे पाहिलं आणि काकाला डोळा मारला.

“कळलं,” तो कुजबुजला. “ते ऐकतायत.”

“अरे, खरं सांगतोय! तुझ्या आजीची शपथ!”

“हो, हो. तुला आता असंच बोलावं लागणार.” त्याने गुडघ्याने काकाच्या गुडघ्याला प्रेमाने ढोसलं. “तू काळजी करू नकोस. पुढच्या वेळी तू नसलास तरी मी एकटा बसेन. शेवटपर्यंत.”

“लाइल, ऐक माझं!” ऑर्व्हल ओरडला.

“ऐकतोय,” लाइल म्हणाला, आणि त्याने पुन्हा डोळा मारला.