ड्रायव्हरनं बॉनेट उघडलं

सव्वीस वर्षं शहरातली बस चालवलेल्या माणसाचा डावा डोळा गेला तो एका आठवड्यात. आधी कोपऱ्यात काळी सावली आल्यासारखं झालं, मग ऑपरेशन झालं, आणि मग डॉक्टरांनी सांगितलं की डोळ्याचा पडदा जागेवर बसवलाय, पण नजर काही परत यायची नाही. उजवा डोळा ठणठणीत होता. पण एका डोळ्यावर बस चालवता येत नाही, असा नियम. डेपोनं त्याला कामावरून काढलं नाही, हरवलेल्या वस्तूंच्या खोलीत बसवलं.

खोलीत छत्र्या, पाण्याच्या बाटल्या, चष्मे आणि एकदा तर चक्क दातांची कवळी. लोक यायचे, आपली वस्तू ओळखायचे, सही करून न्यायचे. खिडकीतून सुटणाऱ्या बसेस दिसायच्या. एखाद्यानं गिअर चुकीचा टाकला की याचा जीव वरखाली व्हायचा, पण सांगणार कोणाला? घरी आला की तो मुकाट जेवायचा आणि मुकाट बसायचा. बायको रक्ततपासणीच्या लॅबमध्ये काम करायची. सुई टोचायच्या आधीच कोण घाबरणार हे तिला चेहऱ्यावरून कळायचं. नवऱ्याच्या चेहऱ्यावर मात्र तिला काहीच वाचता येत नव्हतं.

सुट्टीत लेक वसतिगृहातून घरी आली आणि तिनं आपल्या लॅपटॉपवर बस चालवायचा एक खेळ लावून दिला. लॅपटॉप जुना. बस वळण घ्यायची तीही हप्त्याहप्त्यानं. तरी बाबा दोन तास जागचे हलले नाहीत.

"बाबा, वेळ संपत आलीये, तुम्ही थांबलात कशाला?"

"म्हातारी हात करतेय ना तिकडून. दिसत नाही का तुला?"

"ते नुसतं चित्र आहे!"

"असेना. चढू दे तिला."

लेक परत गेल्यावर दोन दिवसांनी जेवताना तो म्हणाला, "मी म्हणतो, एक गेमिंगचा कॉम्प्युटर घ्यावा." तीन महिन्यांत त्यानं स्वतःहून मागितलेली ही पहिली गोष्ट. बायकोनं कशाला म्हणूनही विचारलं नाही. "घ्या की," म्हणाली, आणि वळून पाण्याचा तांब्या भरायला लागली, कारण तिचे डोळे भरून आले होते.

कुठला घ्यायचा हेही त्यानं ठरवून टाकलं होतं. बाजारातल्या दुकानात काचेमागे एक तयार कॉम्प्युटर ठेवला होता. आतून निळे-जांभळे दिवे, बाजूला आरपार काच. घरी आणायचा, प्लग लावायचा, सुरू.

पण मध्ये मिस्त्री आला. मिस्त्री म्हणजे डेपोतला मेकॅनिक, याचा नोकरीच्या पहिल्या दिवसापासूनचा दोस्त आणि तेव्हापासूनचाच भांडखोर. आपल्या भाच्यांना दोन कॉम्प्युटर जोडून दिल्यामुळे तो या विषयात स्वतःला पंडित समजायचा. दुकानातल्या कॉम्प्युटरचा कागद त्यानं बोटानं वाचत वाचत खालपर्यंत नेला आणि नाक मुरडलं.

"बडा घर पोकळ वासा. दिवे बघ किती, आणि ग्राफिक्स कार्ड बघ! चित्र पळवतं ते कार्ड. म्हणजे इंजिनच की. याचं इंजिन रिक्षाचं आणि बॉडी बसची. सुटे भाग आणू, आपण जोडू. तेवढ्याच पैशांत दुप्पट दमाचं मशीन होईल."

"मला तयारच पाहिजे."

"अरे पण का?"

"मी बस चालवली, बांधली नाही. ड्रायव्हरनं बॉनेट उघडायचं नसतं."

"दुकानवाला वॉरंटी देतो, ते एक बरं असतं," बायकोनं मध्येच बाजू सावरली.

"वहिनी, वॉरंटी सुट्या भागांनाही असते. प्रश्न तो नाहीच." मिस्त्रीनं खुर्ची पुढे ओढली. "सव्वीस वर्षं नुसतं स्टिअरिंग फिरवलंस. आत काय चाललंय ते बघायचा कंटाळा तुला पहिल्यापासूनच. काहीही झालं की, मिस्त्री बघ जरा! आता तरी जरा स्वतः—"

"मला दिसत नाही रे!"

आवाज इतका चढला की शेजारच्या घरातला रेडिओसुद्धा कोणीतरी बारीक केला.

मग तो हळू बोलायला लागला. एका डोळ्यानं सगळं दिसतं, पण कुठलं पुढे आणि कुठलं मागे ते कळत नाही. किल्ली कुलपाच्या शेजारी जाते. जिना उतरताना शेवटची पायरी आधीच येते, नाहीतर येतच नाही. परवा एका बाईची छत्री परत देताना ती तिच्या हाताऐवजी हवेत सोडली. "एवढेएवढे स्क्रू मी कसे लावणार? तुम्ही दोघं बसून बघणार, आणि मी चुकत राहणार. त्यापेक्षा तयार बरा."

पायरीचं बायकोला ठाऊक होतं. बाकीचं त्यानं शिताफीनं लपवलं होतं.

मिस्त्रीनं सहानुभूतीचा एक शब्दही काढला नाही.

"गाडीखाली झोपल्यावर," तो म्हणाला, "गिअरबॉक्सच्या वरचा नट कोणाला दिसतो सांग. मलाही नाही दिसत. मी तिथे डोळे मिटूनच काम करतो. डाव्या हाताचं बोट आधी भोकावर ठेवायचं, मग उजव्या हातानं स्क्रू त्या बोटाच्या आधारानं घसरत न्यायचा. डोळ्यांना विचारायचंच नाही. दोन डोळ्यांचे लोकसुद्धा असंच करतात, मर्दा. तुला कधी सांगितलं नाही, कारण तू कधी बॉनेटच उघडलं नाहीस."

त्या दिवशी काही ठरलं नाही. पण दुसऱ्या दिवशी बायकोला कपाटाच्या दाराची बिजागरी काढलेली दिसली. नवरा डोळे मिटून, जीभ दातात धरून ती परत बसवत होता. तिसरा स्क्रू बसला तेव्हा तो म्हणाला, "मिस्त्रीला सांग, यादी पाठव म्हणावं."

सुटे भाग आले तेव्हा रविवारची सकाळ होती. जेवणाच्या टेबलावर जुनी चादर अंथरली. मदरबोर्ड, म्हणजे ज्याच्यावर बाकी सगळं बसतं ती हिरवट पाटी, मध्यभागी. प्रोसेसर, म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू, बायकोनं बसवला. "जोर लावायचा नाही वहिनी, नुसता ठेवायचा," मिस्त्री घाम पुसत म्हणाला. ती हसली. "भावजी, तान्ह्या बाळाची शीर शोधते मी. तुम्ही जरा लांब उभे राहा." तिनं तो चौकोन अलगद ठेवला आणि खटका लावला.

ती पाटी कॅबिनेटच्या पेटीत बसवायचे स्क्रू मात्र नवऱ्याचे. पहिला घरंगळून टेबलाखाली गेला. दुसराही. मिस्त्रीचे हात शिवशिवत होते. बायकोनं त्याच्याकडे असं बघितलं की ते त्यानं खिशातच घातले. तिसऱ्या वेळी नवऱ्यानं डोळे मिटले, डाव्या बोटानं भोक चाचपलं आणि स्क्रू त्या बोटाला टेकवत आत सोडला. आटे लागल्याचं त्याला हातात कळलं. मग एकामागून एक नऊ बसले. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मिस्त्री फक्त म्हणाला, "शेवटचा जास्त पिळू नकोस."

दुपार व्हायला आली तेव्हा बटण दाबलं. पंखे फिरले. पडदा काळाच राहिला.

मिस्त्रीनं वायर काढून परत घातल्या. पुन्हा बटण दाबलं, पुन्हा पंखे, पुन्हा काळोख. आपल्या भाच्यांच्या वेळी असं झालं नव्हतं, हे त्यानं तीनदा सांगितलं. "प्रोसेसर मी नीट बसवला ना?" बायकोचा चेहरा उतरला. दुकानातला तयार कॉम्प्युटर आता तिघांनाही आठवत होता, पण नाव कोणी काढलं नाही.

"वीज बंद कर," नवरा म्हणाला. "आणि सरका जरा."

त्यानं डोळे मिटले आणि कॅबिनेटमध्ये हात घातला. पंखा, वायर, कार्ड, सगळ्यावरून बोटं सावकाश फिरली. प्रोसेसरच्या बाजूला रॅमच्या, म्हणजे मेमरीच्या, दोन पट्ट्या उभ्या होत्या. त्यांच्या कडेवरून बोट एकदा गेलं, परत आलं आणि थांबलं.

"ही एक या टोकाला वर आहे. केसभर."

"सरळ आहेत की," मिस्त्री वाकून म्हणाला. "मला तर सारख्याच दिसताहेत."

"दिसतील. हाताला लागत नाहीत सारख्या." त्यानं अंगठ्यानं दाबलं. टक्क असा आवाज झाला.

या वेळी पडदा उजळला. बायको आनंदानं ओरडली आणि मग स्वतःच्याच ओरडण्याला लाजली. मिस्त्रीनं दोस्ताच्या पाठीत असा गुद्दा घातला की तो टेबलावर आपटता आपटता वाचला.

खेळ चढवेपर्यंत संध्याकाळ झाली. टेबलाला स्टिअरिंग व्हील अडकवलं, खाली पॅडल ठेवले. आधी मिस्त्री बसला, आणि दुसऱ्याच चौकात बस दिव्याच्या खांबाला धडकवली. मग ड्रायव्हर बसला. त्यानं आरसे बघितले, ब्रेक सोडला आणि बस निघाली. चित्र कुठे अडखळलं नाही. अरुंद गल्लीतून, उभ्या गाड्यांच्या मधून त्यानं ती हातभर अंतर राखून नेली आणि स्टॉपच्या कडेला अलगद लावली.

"हे कसं जमलं तुम्हाला?" बायकोनं न राहवून विचारलं. "पुढचं-मागचं कळत नाही म्हणालात ना?"

त्यानं पडद्यावर बोट टेकवलं.

"अगं, पडदा सपाटच असतो," तो म्हणाला. "इथे तुम्हा दोघांनाही पुढचं-मागचं दिसत नाही. वस्तू किती मोठी होतेय, सावली कुठे पडतेय, कोण कोणाच्या आड जातंय, यावरूनच ओळखायचं. तुम्हाला सवय नाही. मला तीन महिन्यांची आहे."

पुढचे कितीतरी दिवस तो कामावरून आला की तासभर बस चालवायचा. बायकोच्या लक्षात आलं की तो जिना उतरताना आता कठड्याच्या सावलीकडे बघतो. त्यानं मग डेपोच्या साहेबांना अर्ज लिहिला की, नव्या ड्रायव्हरांना आरसे आणि अंतर शिकवायला मला वर्गात बसवा, मला ते एका डोळ्यानं शिकावं लागलंय, म्हणून मला ते सांगता येतं. उत्तर यायला दीड महिना लागला. आठवड्यातले दोन दिवस प्रशिक्षण, बाकी दिवस हरवलेल्या वस्तू. तूर्तास एवढंच, असं पत्रात लिहिलं होतं. त्यानं ते पत्र लेकीला फोनवर वाचून दाखवलं, "तूर्तास" या शब्दावर जरा जास्तच जोर देऊन.

"बाबा, अभिनंदन!" लेक म्हणाली. "आणि माझा लॅपटॉप आता अगदीच रडतोय. मलाही एक कॉम्प्युटर घ्यायचाय. तयार घेऊ का?"

"तयार वाईट नसतो," तो म्हणाला. "पण घाई नसेल तर थांब. सुट्टीत ये. टेबल रिकामं करून ठेवतो."