पेल्यातली गाठ

गल्लीच्या तोंडाशी ‘येथे थुंकू नये’ अशी पाटी होती, आणि त्याच पाटीखाली आज माणसं थुंकण्यासाठी रांग लावून उभी होती. एकही शिलाई मशीन चालत नव्हतं. शिंप्यांच्या त्या गल्लीत इतकी शांतता यापूर्वी फक्त वीज गेल्यावर असायची.

रांगेचं दुसरं टोक कापडाच्या जुन्या गोदामात होतं. तिथे सूत्रबाबा बसले होते. दाढी लांब, आवाज खोल, आणि समोरच्या मेजावर काचेचे स्वच्छ पेले. येणाऱ्याला बाबा आधी खारट ‘शुद्धिजल’ तोंडात घोळवायला लावत आणि ती चूळ पेल्यात घेत. मग एका कुपीतून चिकट ‘क्षालनद्रव्या’चे थेंब टाकत. मग चेला बर्फाच्या पेटीतून निळी बाटली काढून देई. तीत ‘शीतामृत’. ते ओतलं की जिथे क्षणापूर्वी काही नव्हतं तिथे पांढरे, पातळ, लवलवते धागे उठत आणि हळूहळू वर चढत.

“हे तुझं वंशसूत्र, आई,” बाबा म्हणत. “डॉक्टर लोक डीएनए डीएनए म्हणतात ना, तेच हे. त्यांना त्यासाठी मोठमोठी यंत्रं लागतात. मला नुसते डोळे पुरतात. तुझे पणजोबा तापट होते.”

“अगदी बरोबर, बाबा!”

पणजोबांना कोणी पाहिलेलंच नसल्यामुळे ते तापट निघायला कोणाचीच हरकत नव्हती.

पण गल्लीनं बाबांवर विश्वास ठेवला तो पणजोबांमुळे नव्हे, मास्तरांमुळे. मास्तर म्हणजे गल्लीतले सगळ्यात जुने कटिंग मास्तर. त्यांनी दोन बोटांत धरून ‘हं’ म्हटलेला तागा कधी परत गेला नव्हता. पहिल्या दिवशी बाबांचं पितळ उघडं पाडायचंच म्हणून ते आले होते. त्यांनी काचेच्या कांडीवर धागा उचलायला लावला, उजेडात धरला, बोटांत चोळून पाहिला, हुंगलासुद्धा. मग म्हणाले, “सुती नाही, रेशीम नाही, नायलॉन तर नाहीच. वरून टाकलेला नाही, आतून आलाय. धागा खरा आहे.”

झालं. धागा खरा म्हणजे धागा दाखवणारा खरा, असा हिशेब गल्लीनं जागच्या जागी मांडला. मास्तरांनीही मांडला. कापडाच्या धंद्यात तो बहुतेक वेळा जमतो.

आज रांगेत त्यांची स्वतःची लेक होती. अंगानं बारीक आणि बोलण्यात टोकदार, म्हणून सगळे तिला सुई म्हणत. तिचं लग्न बटणवाल्या काकूंच्या मुलाशी ठरलं होतं आणि काकूंचा आग्रह होता की दोघांचं वंशसूत्र एकदा बाबांच्या नजरेखालून जाऊ दे.

आधी मुलाचा पेला झाला. धागे कसे लांब, सरळ, धुतल्यासारखे. काकूंनी आजूबाजूला असं पाहिलं की जणू ते त्यांनीच कातले होते. मग सुईचा पेला आला. शीतामृत पडलं, आणि धागे वर चढण्याऐवजी गोळा होऊन मधोमध लोंबकळत राहिले.

बाबांनी डोळे मिटले. “गाठ. आईकडून आलीय. ही मुलगी ज्या घरात जाईल त्या घराचा वंश अडेल. वर्षभर सूत्रशुद्धी करावी लागेल. दर आठवड्याला, इथेच.”

गोदामात कुजबुज झाली. सुई मात्र गप्प बसणारी नव्हती. “माझ्यात गाठ आणि ह्याचा धागा सरळ? काजं एका बाजूला आणि बटणं भलतीकडेच लावणारा माणूस हा!”

“सुई!” मास्तर ओरडले.

मुलगा स्वतःच्या चपलांकडे पाहत राहिला. काकू मात्र मास्तरांकडे वळल्या. “लग्न थांबवू या, मास्तर. शुद्धी झाली की बघू. मला दोष देऊ नका हं. धागा खरा आहे असं सगळ्यांच्या देखत तुम्हीच म्हणालात.”

मास्तरांना आयुष्यात पहिल्यांदाच स्वतःचा शब्द परत घ्यावासा वाटला, आणि घेता येईना.

दुपारी दुकानात बाई आल्या. बाई म्हणजे शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या. प्रयोगशाळेसाठी पोरांचे पांढरे डगले त्यांनी शिवायला टाकले होते.

“मास्तर, ह्या डगल्याला दोन्ही बाह्या डाव्या लागल्यात.”

“लागल्या असतील,” मास्तर म्हणाले.

हे ऐकून बाई खुर्ची ओढून बसल्याच. मास्तरांची चूक त्यांनी कधी पाहिली नव्हती, आणि चूक कबूल करणारे मास्तर तर नाहीच नाही. आतून मास्तरीणबाईंचा आवाज येत होता: “आईकडून म्हणे! वाईट तेवढं माझ्या माहेरचं. आणि हिची जीभ? ती कोणाकडून आली, ते नाही सांगितलं त्या बाबानं!”

हळूहळू सगळी हकिकत बाहेर पडली. बाई मध्येच थांबवून विचारत होत्या.

“चूळ खारट पाण्याची?”

“हो.”

“मग त्या कुपीतलं टाकल्यावर फेस आला?”

“आला थोडा.”

“आणि त्या अमृताला वास कसला होता?”

मास्तरांनी आठवून पाहिलं. “इंजेक्शन देण्याआधी दंडाला लावतात ना, तसला.”

बाई इतक्या हसल्या की सुई काम टाकून बाहेर आली. “अहो, मीठ, भांड्यांचा साबण आणि गार स्पिरिट! हा प्रयोग माझी पोरं दर वर्षी करतात.”

“म्हणजे धागा खोटा?” मास्तर उठूनच उभे राहिले.

“नाही. तुमची पारख बरोबर आहे. धागा शंभर टक्के खरा आहे आणि तो डीएनएच आहे. खोटी आहे ती बाबांची बडबड.”

मास्तरांचा चेहरा पाहून बाईंना कळलं की एवढ्यावर भागणार नाही. भिंतीवर खिळ्याला मास्तरांचे कागदी खाके टांगलेले होते: शर्टाचे, कोटाचे, विजारीचे. बाईंनी तिकडे बोट केलं. “हे खाके तुम्ही मशीनवर नेता का?”

“छे! मूळ खाका इथून हलत नाही. पातळ कागदावर उतरवून घेतो, ती नक्कल कारागिराकडे जाते.”

“शरीरातही अगदी तसंच चालतं. आपलं अंग पेशींचं बनलेलं आहे. जवळजवळ प्रत्येक पेशीत मधोमध एक कोठी असते आणि त्या कोठीत हा मूळ खाका असतो, डीएनए. तो बाहेर येत नाही. लागेल तेवढ्या भागाची नक्कल निघते, तिला आरएनए म्हणतात. ती नक्कल कारागिराकडे जाते आणि कारागीर त्याबरहुकूम माल तयार करतो. तो माल म्हणजे प्रथिनं. केसाचं प्रथिन, रक्ताचं, पोटात अन्न पचवणारं.”

“आणि खाक्यावर लिहिलेलं काय असतं?” सुईनं विचारलं.

“फक्त चार अक्षरं. ए, टी, जी, सी. तीच चार, पुन्हा पुन्हा, वेगवेगळ्या क्रमानं. कारागीर ती तीन तीन करून वाचतो. तीन अक्षरं म्हणजे एक मणी. मणी वीस तऱ्हेचे. हा ओव, मग तो ओव, आता थांब. अशी माळ पुरी झाली की एक प्रथिन तयार. आणि जेवढ्या अक्षरांत एका मालाची कृती असते तो तुकडा म्हणजे जनुक. खाक्याच्या दोन प्रती असतात, एक आईकडची, एक बापाकडची.”

“मग वाचता येतंच की!” मास्तर म्हणाले.

“येतं, पण यंत्रानं, रसायनांनी, फार खटपट करून. डोळ्यांनी नाही. पेल्यात जो धागा तुम्ही पाहिलात तो एका पेशीचा नव्हेच. चुळीबरोबर तोंडातल्या हजारो पेशी येतात. साबणानं त्यांची आवरणं फुटतात, खाके बाहेर पडतात. गार स्पिरिटमध्ये डीएनए विरघळत नाही, मिठामुळे एकत्र येतो, आणि सगळ्यांचा मिळून गुंता वर तरंगतो. कापसाच्या गाठोड्याकडे लांबून बघून कोणी सांगेल का, याचा सदरा कोणत्या मापाचा होणार?”

मास्तर पहिल्यांदाच हसले. पण लगेच गंभीर झाले. “मग हिचीच गाठ का झाली?”

“बाटली धरलेला हात कसा होता, आठवतं?”

मास्तरांनी डोळे मिटले. उभा जन्म त्यांनी लोकांच्या हातांकडे बघत काढला होता. कोण कात्री कशी धरतो यावरून ते माणसाला कामावर ठेवायचे. “मुलाच्या वेळी बाटली पेल्याच्या कडेला टेकवली होती. धार काचेवरून सावकाश उतरत होती. सुईच्या वेळी...” ते थांबले. “वरून भसकन ओतलं. आणि वर कांडीनं ढवळलं!”

“बघू या.”

समोरच्या सरबतवाल्याकडून बर्फ आला, कोपऱ्यावरच्या दवाखान्यातून स्पिरिट. सुईनं खारट पाण्याची चूळ एका भांड्यात टाकली, बाईंनी साबण मिसळला आणि तेच पाणी दोन पेल्यांत निम्मं निम्मं ओतलं. एकात स्पिरिट कडेनं सोडलं. दुसऱ्यात वरून ओतलं आणि ढवळलं. पहिल्यात लांब सरळ धागे उठले. दुसऱ्यात तीच ती गाठ.

“म्हणजे मी डावीकडून चांगल्या घरची आणि उजवीकडून वंश बुडवणारी?” सुई म्हणाली.

“आणि दोन्हीकडून माझी!” मास्तरीणबाई दारातून म्हणाल्या. माहेर निर्दोष सुटल्यामुळे त्यांनी न विचारता सगळ्यांसाठी चहा टाकला.

मास्तर मात्र मनात बेरीज करत होते. ज्या घरात लग्न तोंडावर त्या घरात गाठ, ज्या घरात परीक्षेचं वर्ष त्या घरात गाठ. एकट्या म्हाताऱ्यांच्या पेल्यात कधीच नाही. सरळ धाग्याचं गिऱ्हाईक एकदाच येतं, गाठीचं गिऱ्हाईक वर्षभर. “चोर धंदेवाईक आहे,” ते म्हणाले, आणि त्यात थोडं कौतुकही होतं.

“बाई,” सुईनं विचारलं, “हा खाका फक्त माणसातच असतो?”

“जिवंत असेल त्या सगळ्यांत. झाडात, मुंगीत, केळ्यात. केळ्यातून तर भरपूर निघतो.”

सुईनं बापाकडे पाहिलं. बापानं गाळणीसाठी अस्तराच्या सगळ्यात तलम कापडाचा तुकडा काढला.

दुसऱ्या दिवशी गोदाम पुन्हा भरलं. सुई झाकणाची बाटली घेऊन पुढे झाली. काकू आणि त्यांचा मुलगा बाजूलाच उभे होते.

“बाबा, शुद्धीला मी बसेन. पण आधी माझ्या मामेभावाचं बघा. आजारी आहे, अंथरुणातून उठवत नाही. त्याची चूळ आणलीय. सर्दीमुळे जरा दाट आहे.”

बाबांनी पेला भरला. कुपी, फेस, निळी बाटली. धागे असे दणदणीत उठले की चेलाही मागे सरकला.

“वा!” बाबा म्हणाले. “बलवान सूत्र! मुलगा गोरा आहे?”

“आतून,” सुई म्हणाली.

“स्वभावानं मऊ?”

“फारच.”

“आजोबांची बुद्धी उतरलीय. पण इथे बघ, आईच्या बाजूला पीळ आहे. लग्नाला उशीर होतोय तो यामुळेच. वर्षभर शुद्धी केली की पुढच्या वर्षी बोहल्यावर चढेल. परदेशी जायचा योगही दिसतो.”

“परदेशी जाईल, बाबा. त्याचे पुष्कळ नातेवाईक बोटीनंच जातात.” सुईनं पिशवीतून उरलेलं अर्धं केळं काढून मेजावर ठेवलं. “हा माझा मामेभाऊ. ह्याच्यासाठी मुलगी बघायची तर कोणत्या फणीतली बघू?”

क्षणभर कोणाला काही कळलं नाही. मग मागच्या बाजूला कोणीतरी फिस्सकन हसलं, आणि हसू रांगेतून दरवाज्यापर्यंत, दरवाज्यातून गल्लीपर्यंत पसरत गेलं.

“केळ्यालाही आत्मा असतो!” बाबा गरजले.

“असेल, बाबा,” बाई पुढे होत म्हणाल्या, “पण त्याला तापट पणजोबा असतात का?”

मग मास्तर उठले. “धागा खरा आहे असं मी म्हणालो होतो,” ते म्हणाले. “आजही म्हणतो. पण मला धागा कळतो, त्यावरचं लिखाण कळत नाही. ते ह्यांनाही कळत नाही. काकू, जरा या पाण्यानं चूळ भरा.”

काकूंच्या चुळीचे दोन पेले झाले. मास्तरांच्या स्थिर हातानं एकात सरळ धागा चढला, आणि ढवळल्यावर दुसऱ्यात अशी गाठ पडली की काकू स्वतःच्याच पेल्यापासून दोन पावलं मागे गेल्या. बाबांची साधना भंगल्याचं चेल्यानं जाहीर केलं. पेटी, कुपी आणि बाबा मागच्या दारानं गेले. बर्फ तेवढा राहिला.

काकूंना मात्र अजून चैन नव्हतं. “पण बाई, घराण्यातनं आजार येतातच की हो. माझ्या भावाचं पोर गेलं रक्ताच्या आजारात. मी उगीच नाही घाबरत.”

आता कोणी हसलं नाही. बाई त्यांच्याजवळ जाऊन बसल्या. “खरंय. काही आजार येतात. कधी खाक्याच्या एका प्रतीत चूक असते आणि दुसरी चांगली असते म्हणून माणूस ठणठणीत राहतो. नवराबायको दोघांतही तीच चूक असली तर मुलाच्या वाट्याला दोन्ही बिघडलेल्या प्रती येऊ शकतात. हा शाप नाही आणि कोणाचा गुन्हाही नाही. त्या रक्ताच्या आजारासारख्या काहींसाठी दवाखान्यात तपासणी होते. ती करावी. पण एकट्या मुलीची करून काय उपयोग? मूल दोघांचं असतं.”

“माझं रक्त आधी घ्या,” बटणवाल्यांचा मुलगा म्हणाला. इतक्या दिवसांत त्यानं गल्लीत उच्चारलेलं हे पहिलं पूर्ण वाक्य होतं. मग तो सुईकडे वळला. “हे मी कालच बोलायला हवं होतं.”

“हवं होतं,” सुई म्हणाली. “उद्या सकाळी दवाखान्यात ये. लग्नाचं मी अहवाल बघून सांगेन. आणि तुझ्याकडे बघून.”

अहवाल आले, दोघांचेही चांगले आले. सुईनं तरी त्याला आठवडाभर ताटकळत ठेवलं आणि मग हो म्हणाली.

वाचकहो, असे बाबा हवेतून अंगठी काढणारे राहिले नाहीत. आता ते खरा धागा दाखवतात, शास्त्रातला खरा शब्द वापरतात आणि अर्थ तेवढा पदरचा घालतात. म्हणून डोळ्यांनी दिसलं एवढ्यावर थांबू नका. हे तुला कसं कळलं, असं सरळ विचारा. तेच पाणी दोन पेल्यांत घ्या, दुसऱ्याच्या हातानं करून बघा. जे खरं असेल ते दुसऱ्या पेल्यातही तसंच येईल. आणि विचारल्यावर जो रागावेल, त्याच्या पेल्यात थुंकू नका.