बुधवारचा चुडा

दहावा दिवस काही केल्या संपेना. तो सुरू होऊन गावचा आठवडी बाजार दोनदा भरला आणि दोनदा उठला, गाभण म्हैस व्याली, तिचा चीक खरवस होऊन घरोघर पोचला, तरी घाटावर सव्वादहाच वाजले होते. सूर्य पिंपळाच्या दुसऱ्या फांदीवर येऊन टेकला होता, तो तिथून उठायला तयार नव्हता. माणसं डोळ्यांवर उपरणं टाकून झोपत, उठत, चूळ भरत, आणि पुन्हा सव्वादहाच्या उन्हात येऊन बसत. दहाव्यासाठी ज्यांनी डोकी भादरून घेतली होती त्यांना केस उगवले. न्हाव्यानं त्याच दिवशी त्यांना पुन्हा भादरलं आणि कुरकुर केली नाही, कारण त्याच्या हिशेबी दिवस एकच होता.

कारण काही अवघड नव्हतं. कावळा शिवत नव्हता.

पायरीवर दोन पिंड शेजारी शेजारी ठेवले होते. एक दौलतरावांच्या धाकट्या मुलीचा, मंदाचा. दुसरा प्रल्हादचा, खाणीवर खडी फोडणाऱ्या कोंडाबाईच्या एकुलत्या एका मुलाचा. ज्या शुक्रवारी मंदाचं भलत्याच कुणाशी लग्न लागायचं होतं त्या शुक्रवारी सकाळी दोघंही खाणीच्या पाण्यात सापडली. गावात घाट एक, गुरुजी एक, म्हणून दहावाही एकच. घाटाच्या एका टोकाला दौलतरावांची माणसं बसली, दुसऱ्या टोकाला कोंडाबाई एकटी. मध्ये कठड्यावर कावळा. तोही एकच होता. बाकीच्यांनी दुसरीकडे कुठं तरी जेवून घेतलं असावं.

रीतीप्रमाणे सगळ्यांनी हात जोडून त्याला विनवलं. तुझी काळजी करू नकोस, तुझ्या आईला आम्ही बघतो, तुझ्या आवडीची बासुंदी दरवर्षी करतो. कावळा बसून राहिला. मग गुरुजी, तूप कमी पडलंय म्हणावं तितक्या सहज म्हणाले, "दोघांना ऐकायचंय, आपण कुणामुळे गेलो. ज्याचं असेल त्यानं येऊन सांगा. म्हणजे घरी जाता येईल."

हे सगळं सातव्या पायरीवरून येसूमामा ऐकत होता. येसूमामा म्हणजे गावचा कासार. चाळीस वर्षं तो घरोघर बांगड्या भरत आला होता. नवरा समोर पेपर वाचत बसलेला असताना त्याच्या बायकोचा हात हातात घेऊन अर्धा तास बसायची मुभा पंचक्रोशीत एकट्या येसूमामाला होती, आणि ती मुभा हीच त्याची सारी इस्टेट. कोण कुठल्या हातानं पोळ्या लाटतं, कुणाच्या मनगटावर कसला वळ आहे, हे त्याला ठाऊक असे, आणि ते त्या उंबऱ्याबाहेर जात नसे. फक्त मंदाच्या बाबतीत त्यानं एवढं केलं होतं की प्रल्हादचा निरोप तिच्याकडे आणि तिचा प्रल्हादकडे पोचवला होता. बांगड्या भरताना दोन वाक्यं बोलून जायला कितीसा वेळ लागतो.

आधी दौलतराव पुढं गेले. तो त्यांचा मानच होता. कावळ्यासमोर उभं राहून त्यांनी खणखणीत आवाजात सांगितलं की मी तिला माडीवर कोंडलं, तिचं कॉलेज बंद केलं, त्या पोराला चारचौघांत चपलेनं मारलं. सांगून झाल्यावर ते कावळ्याकडे बघत राहिले. कावळ्यानं सगळं ऐकून घेतलं आणि त्यांच्याकडे शेपटी केली.

त्या वेळी येसूमामाला पहिल्यांदा दिसलं की शिवार आवळलंय. दुसऱ्या कुणाला दिसलं नसतं. जन्मभर मापं पाहिलेला माणूस तो. पलीकडच्या टेकड्या, उसाचे फड, पाण्याची टाकी, असं गावाभोवतीचं जे कडं होतं ते मगाशी बांगडीच्या मापानं अडीचाचं होतं. आता ते थोडं कमी भरत होतं. टाकी नदीच्या जवळ आली होती.

मग मंदाची आई गेली. तिला एक चिठ्ठी सापडली होती आणि तिनं ती न वाचता चुलीत घातली होती. शेपटी. कोंडाबाईनं सांगितलं की मीच हट्टानं त्याला हायस्कुलात घातला, खाणीवर लावला असता तर ती पोरगी त्याच्या नजरेस पडली नसती. शेपटी. शाळेचे हेडमास्तर आले, त्यांनी गॅदरिंगच्या नाटकात दोघांना राजा-राणी केलं होतं. स्थळ आणणारे आले. खाणीचे मुकादम आले, त्यांनी कुंपण घालायचं राहून गेलं होतं. ज्यानं दोघांना एकत्र पाहून कुणाला सांगितलं नव्हतं तो आला, आणि ज्यानं पाहून सगळ्यांना सांगितलं होतं तोही आला. खुद्द गुरुजी गेले, मुहूर्त त्यांनीच काढला होता. कावळा प्रत्येकाचं शेवटपर्यंत ऐके, मध्येच उठून जात नसे, आणि मग शेपटी करी.

प्रत्येक शेपटीला गाव एकेक बोट आवळत होतं. एसटी स्टँड देवळाच्या ओवरीत शिरलं. शाळेची घंटा वाजली की घाटावरच्या ताटल्या थरथरू लागल्या. ज्याला कावळ्यानं नाकारलं तो माणूस मात्र हलका होऊन परते, हातपाय धुऊन पोटभर जेवे, आणि मिटल्या डोळ्यांनी झोपे. घर शोधायला लांब जावं लागत नव्हतं, सगळी घरं घाटाच्या पायऱ्यांपर्यंत आली होती. कोंडाबाईचं पत्र्याचं खोपट येऊन दौलतरावांच्या माडीला चिकटलं. दोन्ही दारं समोरासमोर आली, इतकी की एक उघडायचं तर दुसरं आधी लावावं लागे. कोंडाबाईनं भाकरी थापली की दौलतरावांच्या देवघरात धूर जाई. कुणी काही म्हणत नव्हतं. सुतक चालू होतं.

एकटे दौलतराव जेवत नव्हते. एवढं करून, एवढं सांगून एक कावळा आपल्याला शेपटी दाखवतो, हे त्यांच्या घशाखाली उतरत नव्हतं. ते पुन्हा गेले आणि पायातली चप्पल काढून दाखवली, ही बघ, हिनं मारलं. कावळ्यानं चप्पल पाहिली. पुढं काही झालं नाही.

"मामा, तुम्ही नाही का जात?" हेडमास्तरांनी झोपेतून उठून विचारलं. "तुम्ही तर घरोघर जाता."

"मी काय, नुसते हात धरतो," येसूमामा म्हणाला. आसपासचे थोडे हसले. दहाव्याला हसू नये, पण दिवस फार लांबला होता.

येसूमामाला सगळं ठाऊक होतं. प्रल्हादनं दिलेला शेवटचा निरोप असा होता: ज्या दिवशी चुडा भरतील त्या दिवशी दिवे लागायच्या वेळेला खाणीवर ये, मी गाडी घेऊन येतो. निरोप शहाणपणाचा होता. लग्नाचा हिरवा चुडा आदल्या दिवशी भरतात हे कुणाला सांगावं लागत नाही. लग्न शुक्रवारी, म्हणजे चुडा गुरुवारी. त्या दिवशी घर पाहुण्यांनी भरलेलं असतं आणि नवरी कुठं आहे ते दुसऱ्या कुणाला तरी माहीत असेल असं ज्याला त्याला वाटतं. येसूमामानं हा निरोप मंदाच्या कानावर घातला आणि डोक्यातून काढून टाकला. निरोप साठवून ठेवायचे नाहीत ही त्याची पद्धत होती.

पण गुरुवारी निमगावला लग्न होतं. तिथं पन्नास हात भरायचे होते. म्हणून तो बुधवारीच दौलतरावांकडे गेला आणि म्हणाला, आज भरून टाकू, एक दिवसानं काय होतंय. मंदाच्या आईनं पाट मांडला. मंदानं हात पुढं केला. चौथी बांगडी चढत असताना तिनं मान वर करून त्याच्याकडे पाहिलं, आणि त्याला निरोप आठवला. अर्धा भरलेला चुडा उतरवत नाहीत. उतरवला तर आई विचारणार, का? त्यानं पाचवी घेतली. आज नव्हे, उद्या, एवढं म्हणायला दोन शब्द पुरले असते. पण आई समोर बसली होती, शेजारच्या बायका बसल्या होत्या, आणि त्याला वाटलं, पोरगी हुशार आहे, समजून घेईल. नंतर त्यानं उरलेल्या भरल्या. हाताला एक ओरखडा उठू दिला नाही.

चुड्यासाठी माडीवरून खाली आणलेली मंदा बुधवारी दिवे लागायच्या वेळेला गडबडीत निसटून खाणीवर गेली. तिथं कुणी आलं नाही. ती नाहीशी झाल्याचं घरच्यांनी अब्रूपायी बाहेर कळू दिलं नाही. गुरुवारी त्याच वेळेला प्रल्हाद गाडी घेऊन आला. तिथं दगडावर हिरव्या बांगड्या काढून नीट ओळीनं ठेवलेल्या होत्या. एकही फुटलेली नव्हती.

हे सांगितलं की दिवस संपणार होता, याबद्दल येसूमामाला शंका नव्हती. पोरं मोकळी होणार होती. पण त्यानंतर कुठल्या घरातली बाई त्याच्या हातात हात देणार होती? हात दिला तरी त्याच्यावरची नजर ती काढणार नव्हती. म्हणून तो सातव्या पायरीवर बसून राहिला, आणि सातवी पायरी आता तिसरी झाली होती, कारण खालच्या चार आवळून एकमेकींत गेल्या होत्या.

घाटाची दोन टोकंही जवळजवळ आली होती. कोंडाबाई कुठं न जाताच त्याच्या शेजारी येऊन पोचली. थोडा वेळ ती कावळ्याकडे बघत राहिली.

"मामा, चुडा कोणत्या वारी भरला?"

"बुधवारी."

"लगीन शुक्रवारी हुतं ना?"

"होय."

"मग चुडा बेस्तरवारी."

"बेस्तरवारी निमगावात पन्नास हात होते."

कोंडाबाईनं मान डोलावली. पन्नास हात म्हणजे दिवस जाणार, हे तिलाही पटलं. "माझा बेस्तरवारी न्हाला," ती म्हणाली. "दुपारचाच. केसाला तेल लावलं. म्हनला, आई, आज चुडा हाय. मी म्हनलं, आपल्याला काय त्याचं." तिच्या आवाजात राग नव्हता. दळण कुठवर आलं ते विचारावं तसं ती पुढं म्हणाली, "तर त्येला सांगून टाका की."

येसूमामा उठला. उठायला जागा फारशी नव्हती. पाठीला शाळेची भिंत लागत होती, कोपराला पाण्याची टाकी. दोन पावलांत तो पिंडांजवळ पोचला आणि कावळ्याला जे झालं ते सांगितलं. बुधवार सांगितला, निमगाव सांगितलं, चौथी बांगडी सांगितली. आवाज चढवला नाही की उतरवला नाही. शेवटी म्हणाला, "मला आठवलं होतं. मी भरत राहिलो."

कावळ्यानं मान तिरकी केली. शेपटी केली नाही. पंख थोडे उघडून तो कठड्यावरून खाली उतरला, आणि दोन उड्या मारून दोन्ही पिंडांच्या मधोमध आला. सगळ्या गावानं श्वास धरला, आणि गाव इतकं जवळ आलं होतं की तो एकाच छातीत धरल्यासारखा वाटला. पिंपळाच्या फांदीवर सूर्य किंचित चुळबुळला.

तेवढ्यात दौलतराव उठले.

"ए कासारा," ते म्हणाले. "थांब. तू कोण रे?"

"मी येसू."

"माझी पोरगी तुझ्या विसराळूपणानं मेली म्हणतोस?"

"विसराळूपणानं नाही, मालक. आठवलं होतं म्हणालो ना."

"म्हणजे माझी पोरगी बांगडीवाल्यापायी गेली. एका दिवसाच्या फरकानं." ते इतके हळू बोलत होते की गुरुजींना कान पुढं करावा लागला. "आणि मी? मी तिला दोन महिने कोंडली. मी त्याला चपलेनं मारला. मी तिचा बाप आहे. माझं काहीच नाही?"

"तुमचं त्यानं ऐकलंय की," गुरुजी समजुतीनं म्हणाले. "शिवू द्या आता. लोक दमलेत."

"याच्या सांगण्यावर शिवू देणार नाही."

मंदाची आई खाली मान घालून म्हणाली, "अहो, राहू दे. तिला जाऊ दे." त्यांना ऐकू गेलं, कारण ती त्यांच्या कोपराशी होती, पण त्यांनी तिकडे पाहिलं नाही. कावळ्यानं चोच उघडली. मंदाच्या भातावर चोच टेकायला एका बोटाचं अंतर राहिलं होतं. दौलतरावांनी त्याला हाकलायला हात वर उचलला.

येसूमामानं तो हात वरच्या वर मनगटाशी धरला.

चाळीस वर्षांत पुरुषाचं मनगट त्यानं कधी धरलं नव्हतं. ते जाड होतं, केसाळ होतं, आणि त्याच्या अंगात माडीचं दार रेटून धरल्याचा जोर अजून होता. येसूमामाच्या बोटांना दुसरं काही येत नसल्यामुळे त्यांनी तेच केलं. अंगठ्याचं मूळ आत दुमडलं, करंगळीकडून मूठ आवळत आणली, आणि हलके हलके दाबायला सुरुवात केली. दौलतराव ओढून घेत होते. मग ओढायचे थांबले. हात मऊ पडला. हाडं एकमेकांवर सरकली. येसूमामाच्या पंजात तो हात लहान होत चालला, केस गेले, कातडी उजळ झाली, नखांवर शाळकरी पोराच्या शाईचे डाग आले. दौलतरावांनी आपल्या हाताकडे पाहिलं.

कावळा चोच उघडी ठेवून थांबला होता. सोडला तर हात वर जाऊन कावळा उडणार होता, आणि दाबला तर हात आणखी लहान होणार होता. येसूमामा दाबत राहिला.